कशात काय नाही?

विद्यार्थी मित्रहो, पाककृतीचे पुस्तक आपण सारेच केव्हा ना केव्हा चाळतो. त्या पुस्तकाला आपला प्रश्न साधा असतो : यात काय काय घालायचे? घरात वांगी आहेत, दही आहे, मूठभर हरभऱ्याची डाळ आहे. त्यांचे काय करता येईल, एवढेच जाणून घ्यायचे असते. काही घरांत मात्र प्रश्न नेमका उलटा असतो. तिथे विचारले जाते, यात काय नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा कुठेच लिहिलेले नसते. कारण नसलेल्या वस्तूंची यादी कोणी करीत नाही.

गेली दोन वर्षे मी या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या माणसांना आपल्याला चालतील अशा पाककृती मोबाइलवर शोधता याव्यात, यासाठी आम्ही काही जण धाराशिव येथे एक लहानसे शोधसाधन तयार करीत आहोत. माझा व्यवसाय संगणक शिकवण्याचा. तरीही मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत मी हे लिहितो आहे, कारण हे काम जितके संगणकाचे आहे त्याहून अधिक ते मराठी भाषेचे आहे. ते कसे, हे तुम्हांला सांगावे असे वाटते.

आरंभ एका शब्दापासून करू. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. म्हणजे जगाच्या हिशेबानेही तो फार जुना नाही. मराठीत त्याच्या जागी आपण 'वावडे' म्हणतो. परंतु वावडे आपल्याला शिस्तीचेही असते, वेळेचेही असते आणि क्वचित खरे बोलण्याचेही असते. अशा थट्टेच्या वापराने तो शब्द सैल झाला आहे. याखेरीज 'सोसत नाही', 'मानवत नाही', 'बाधते', 'पचत नाही', 'अंगावर गांधी उठतात', 'पित्त उठते' असे कितीतरी प्रयोग आपल्या बोलण्यात आहेत. एखाद्याला दूध पचत नाही, म्हणजे दुधातील साखर पचवणारे द्रव्य त्याच्या आतड्यात पुरेसे नसते. त्याचे पोट बिघडते, पण प्राणावर बेतत नाही. ॲलर्जीची गोष्ट वेगळी. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि कणभर अन्नानेही ओठ सुजतात, अंगावर गांधी येतात, क्वचित श्वासनलिका आवळते आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे हाच पहिला उपाय असतो. या दोन्ही अवस्थांना आपण एकच 'वावडे' हा शब्द लावतो. ऐकणारा त्यातला हलका अर्थ घेतो आणि पानात वाढून मोकळा होतो.

माझ्या थोरल्या बहिणीने हा अनुभव अनेकदा घेतला आहे. ताई कळंब तालुक्यातल्या एका गावी राहते. तिची मुलगी तीन वर्षांची असताना शेंगदाण्याच्या चटणीचे बोट तोंडात गेले आणि काही मिनिटांत तिचा चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्या वेळी तिला सावरले. पुढे सोलापूरला तपासण्या झाल्या आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे निश्चित झाले. त्यानंतर लग्नकार्यात, बारशात, पंगतीत ताई सांगू लागली, "हिला दाण्याचं वावडं आहे." लोक प्रेमाने म्हणत, "असू द्या हो, जरा जरा खाल्लं की सवय होईल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. शब्दच त्यांना पुरेसा इशारा देत नव्हता. अखेर ताईने वावडे हा शब्द सोडून दिला. आता ती सरळ सांगते, "दाणा पोटात गेला तर हिचा श्वास बंद होतो." वाक्य कठोर आहे, पण त्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची भाकरी, पिठले, भरली वांगी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पालेभाजीला कूट, कोशिंबिरीला कूट, आमटी पातळ झाली तर कूट. चैत्र असो की श्रावण, आमच्याकडे डब्यात कूट नाही असा दिवस नसतो. उपवासाच्या दिवशी तर दाण्याशिवाय पान हलत नाही : साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू. शारदीय नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास लाखो भाविक तुळजापूरची वाट चालतात आणि वाटेवर जागोजागी त्यांना श्रद्धेने फराळ वाटला जातो. तो प्रसाद हातात घेऊन आपण कपाळाला लावतो. ताईच्या लेकीला मात्र त्याच वाटेवर दोन्ही हात मागे बांधून चालावे लागते. आपल्या परंपरेला वर्ज्य पदार्थांची कल्पना नवी नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, उपवासाला धान्य वर्ज्य, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. व्रतातल्या चुकीला प्रायश्चित्त असते. या वर्ज्याला ते नाही.

ताई फोनवर पाककृती शोधत असे. 'शेंगदाणे नसलेली भाजी' असे लिहिले की समोर शेंगदाण्याच्याच भाज्या येत, कारण यंत्राने 'शेंगदाणे' हा शब्द पकडलेला असे आणि 'नसलेली' हा शब्द वाऱ्यावर सोडलेला असे. तिची ती धडपड पाहून या कामाची कल्पना निघाली. जगात असे प्रयत्न झालेले आहेत. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली 'रेसिपीडीबी' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात जगभरच्या १ लाख १८ हजारांहून अधिक पाककृती घटक आणि क्रिया यांनुसार मांडल्या आहेत. शिजवणे, वाटणे, तळणे अशा २६८ क्रिया त्यांनी वेगळ्या काढल्या. अशा कामाची मांडणी तत्त्वतः सोपी असते. प्रत्येक पाककृतीचे घटक सुटे करायचे, प्रत्येक घटक एका मूळ नावाशी जोडायचा आणि शोधणाऱ्याने जे मूळ नाव वर्ज्य सांगितले असेल त्याच्याशी जोडलेली प्रत्येक पाककृती बाजूला काढायची. अडचण पुढे येते. मूळ नाव एक असते. माणसाच्या तोंडी त्याची नावे अनेक असतात.

शेंगदाण्याचेच पाहा. शेंगदाणे, दाणे, भुईमूग, भुईशेंगा, सिंगदाणे. आमच्या भागात नुसत्या 'शेंगा' म्हटले तरी भुईमुगाच्या शेंगा समजतात. मात्र शेवग्याच्या, गवारीच्या, तुरीच्या त्याही शेंगाच. उमरग्याकडे कर्नाटकाची सीमा लागते. तिथे कानडी घरांतही 'शेंगा' हाच शब्द ऐकू येतो. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळाच्या खुणा बोलीत आहेत. दखनी बोलणाऱ्या घरांत दाण्याला 'फल्ली' म्हणतात. पाकिटावर 'पीनट' छापलेले असते. उलट 'दाणे' हा शब्द मेथीला, मक्याला आणि डाळिंबालाही लागतो. गोडेतेल म्हटले की एका घरी भुईमुगाचे तेल असते, दुसऱ्या घरी तिळाचे, तर तिसऱ्या घरी जे काही खाद्यतेल असेल ते. तेही कसे काढले यावर पुष्कळ अवलंबून असते : पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात ते उरू शकते. एका वस्तूची अनेक नावे आणि एका नावाच्या अनेक वस्तू, हा पेच आपल्या पूर्वजांनाही पडला होता. वनस्पतींचे निघंटू रचणाऱ्या वैद्यांनी पर्यायी नावांच्या याद्या केल्या, त्या पाठांतराच्या हौसेने नव्हे. चुकीच्या नावाने चुकीची मुळी पोटात जाऊ नये, ही त्यामागची काळजी होती. आमच्या साधनाचा गाभाही असा एक निघंटूच आहे.

नावे बदलतात, तेव्हा जुनी नावे मरत नाहीत. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले; पण जुन्या वह्यांत, मासिकांच्या कात्रणांत 'उस्मानाबादी' म्हणूनच पदार्थ नोंदलेले आहेत. दोन्ही नावे एकाच गावाची हे यंत्राला ज्याने शिकवले नाही, त्याच्या शोधात निम्मा जिल्हा हरवतो.

याहून सूक्ष्म अडचण व्याकरणाची. मित्रहो, सामान्यरूप हा विषय तुम्ही परीक्षेसाठी वाचला असेल. शब्दाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो, ते सामान्यरूप. दूध, पण दुधात; तीळ, पण तिळाची; पीठ, पण पिठाला; गहू, पण गव्हाचे. माणसाला हे शिकवावे लागत नाही, ते आईच्या दुधाबरोबर येते. यंत्रापुढे मात्र 'तीळ' आणि 'तिळाची' हे दोन अनोळखी शब्द असतात. 'तीळ' वर्ज्य सांगितलेल्या माणसाला यंत्र खुशाल 'तिळाची चटणी' दाखवू शकते, कारण पहिल्या अक्षरातील दीर्घ ईकार तिथे ऱ्हस्व झालेला असतो. उलटही घडते. नुसती अक्षरे जुळवून 'रवा' शोधला, तर 'हिरवा मसाला' वगळला जातो. 'हिरवा' या शब्दाच्या पोटात 'रवा' बसलेला आहे! पहिल्या प्रकारात जीव धोक्यात येतो, दुसऱ्या प्रकारात चालणारे अन्न नाहक हिरावले जाते. म्हणून प्रत्येक घटकाची सारी रूपे आम्ही यंत्राला दिली : दाणा, दाणे, दाण्याचा, दाण्यांचे, दाण्यात. व्याकरणाच्या पुस्तकातील एक नियम एखाद्या मुलीच्या श्वासाशी इतका जवळून बांधलेला असेल, हे मला या कामाने दाखवले.

शब्द सापडले तरी पाककृतीतील मौन उरते. आपल्याकडे पाककृती लिहिणारी स्त्री आपल्यासारख्याच दुसऱ्या स्त्रीसाठी लिहीत आली. म्हणून ती 'नेहमीची फोडणी करावी', 'अंदाजे वाटण घालावे', 'चवीपुरता मसाला' एवढेच लिहिते. ज्याला नेहमीचे ठाऊक आहे त्याला तेवढे पुरते. परंतु नेहमीच्या फोडणीत हिंग असतो आणि बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. गव्हाची ॲलर्जी असलेल्याला तो चिमूटभर हिंगही तपासावा लागतो. काळ्या मसाल्यात तीळ आणि खोबरे असते. मराठवाड्याच्या येसरात भाजलेली धान्ये आणि डाळी दळलेल्या असतात. कुणाच्या येसरात गहू असतो, कुणाच्यात बाजरी. 'काळा मसाला दोन चमचे' या चार शब्दांमागे दहाबारा घटक दडलेले असतात. आम्ही अशा प्रत्येक संयुक्त घटकाला 'गाठोडे' म्हणतो. गाठोडे सोडून आतली प्रत्येक वस्तू मूळ नावाशी जोडल्याखेरीज ती पाककृती आम्ही शोधात घेत नाही.

ही गाठोडी सोडण्याचे काम ताईच्या सासूबाईंनी केले. मी त्यांना मावशी म्हणतो. मावशींची शाळा दुसरीतच सुटली. पण तीन गावांच्या येसरातला फरक त्या वासावरून सांगतात. एकदा मी त्यांच्यापुढे कागद घेऊन बसलो आणि एका भाजीविषयी विचारले, "मावशी, यात दाणे नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "भाऊ, दाणे न्हाईत त्यात. पर मिक्सर तर चटणीचाच हाय की." मग त्यांनी एकेक वस्तू मोजून दाखवली : दाणे भाजलेला तवा, कूट कुटलेला खलबत्ता, तळणीचे उरलेले तेल, सगळ्या डब्यांत फिरणारा एकच चमचा. घटकांच्या यादीत दाणा नसला तरी भांड्यातून तो येतो. जगभरचे अन्नतज्ज्ञ ज्या संसर्गाविषयी बजावतात, तो मावशींनी एका वाक्यात सांगितला होता.

त्यानंतर आमच्यात मोठी चर्चा झाली. शोधाचे उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचे? 'सुरक्षित' हा शब्द वापरायचा नाही, असे माझे मत होते. ज्या स्वयंपाकघरात आपण उभे नाही, त्याची हमी आपण कशी देणार? म्हणून तीनच उत्तरे ठरली : 'आहे', 'असू शकते' आणि 'उल्लेख नाही'. ताईला हे पटले नाही. दिवसभर शेतात आणि चुलीपाशी राबलेल्या बाईला 'उल्लेख नाही' या उत्तराने काय मिळते? ती म्हणाली, "मग मी रोज काय शंकाच शिजवायची का रे?" तिच्या बोलण्यात तथ्य होते. जिथे प्रत्येक उत्तर संशयाचे असते, तिथे माणूस एक दिवस थकतो आणि विचारणेच सोडून देतो. तो दिवस सर्वांत धोक्याचा.

मार्ग ताईनेच सुचवला. उत्तर यंत्राने द्यायचे नाही, करणाऱ्याने द्यायचे. म्हणून आम्ही चौथा प्रकार केला, 'ग्वाहीची पाककृती'. ही पाककृती नोंदवणारी व्यक्ती घटकांबरोबर आणखी एक यादी लिहिते : यात काय घातले नाही, कोणती भांडी वेगळी ठेवली, कोणता मसाला घरी केला, पाकिटावर काय छापले होते आणि हे कधी पाहिले. खाली ती आपले नाव लिहिते. पाकिटातील घटक बदलू शकतात म्हणून तारीख महत्त्वाची. अशा नोंदी थोड्या आहेत, पण त्यांवर विसंबता येते. नसलेल्या वस्तूंची यादी कोणी करीत नाही, असे मी आरंभी म्हटले. ती यादी आता काही स्त्रिया करू लागल्या आहेत.

कायद्याचीही याला थोडी साथ आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. या यादीत तीळ नाही. युरोपच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत; अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश झाला. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या आपल्या मुलखात तीळ नजरेआड ठेवून चालणार नाही, म्हणून आमच्या सूचीत तीळ, मोहरी आणि हरभरा हे घटक आम्ही स्वतंत्रपणे घेतले. शिवाय खेड्यातला किती स्वयंपाक पाकिटातून येतो? येसर, मसाला आणि चटणी घरीच होतात आणि घरच्या डब्यावर लेबल नसते. तिथे कायदा पोहोचत नाही, भाषाच पोहोचते.

एक सूचना मात्र केलीच पाहिजे. कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे ठरवणे डॉक्टरांचे काम. ते या साधनाचे नाही आणि शेजाऱ्यांचेही नाही. केवळ शंकेवरून मुलाच्या पानातून दूध, डाळ, अंडी काढून टाकली तर त्याचे पोषण घटते आणि तेही तितकेच घातक असते.

काय नाही याचा शोध घेता घेता काय आहे याचाही शोध लागतो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आमच्या जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करीत होते, तेव्हा तिथल्या बाजारात भुईमूग नव्हता, मिरचीही नव्हती. तरीही माणसे जेवत होती. मावशींनी जवसाची, कारळ्याची, खोबऱ्याची चटणी सांगितली. करडईच्या तेलाचे पदार्थ सांगितले. भरल्या वांग्यात कुटाऐवजी भाजलेले खोबरे आणि कारळे घालून पाहिले, तेव्हा भाजी वेगळी झाली, उणी झाली नाही. अर्थात ज्याला तिळाची ॲलर्जी असेल, त्याच्यासाठी पुन्हा नवा शोध घ्यावा लागतो.

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, ताईने शेतातला सारा स्वयंपाक दाण्यावाचून केला. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. भांडी आदल्या दिवशी घासून वेगळी ठेवली होती. येळवसेला ज्याच्या त्याच्या शेतात जाऊन चार घास खाण्याची रीत आहे. त्या दिवशी शेजारीपाजारी ताईच्या शेतात आले आणि तिची लेक, कोणाला काही न विचारता, पंगतीत बसून जेवली. नऊ वर्षांच्या मुलीला न विचारता जेवता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे एरवी आपल्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी ताईने त्या भज्जीची नोंद केली. 'काय घातले नाही' या रकान्यात तिने चार ओळी लिहिल्या आणि खाली तारीख घातली.

मित्रहो, तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. बोलीचे नमुने गोळा करा, असा एखादा उपक्रम तुम्हांला कधी ना कधी करावा लागेल. त्या वेळी घरातला एक पदार्थ निवडा. त्यातील प्रत्येक घटकाला तुमच्या घरी, माहेरी, सासरी आणि आठवडी बाजारात काय म्हणतात ते लिहा. 'नेहमीचा मसाला' असे उत्तर आले तर तिथे थांबू नका, गाठोडे सोडा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना विचारा आणि त्यांचा शब्द त्यांच्याच उच्चारात टिपून घ्या. ही माणसे गेली की हे शब्दही जातात, आणि त्यांतल्या एखाद्या शब्दावाचून कोणाच्या तरी लेकराच्या पानात काय वाढले आहे, हे ओळखता येत नाही.